दोन शेवटांचा एक चित्रपट

इतिहास म्हटला की आपल्यापुढे ताम्रपट, बखरी, सनदा आणि शिलालेख उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इतिहासाच्या साधनांमध्ये आणखी एका साधनाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे चित्रपट. तुम्ही म्हणाल, चित्रपट ही तर रचलेली गोष्ट, तिला साधन कसे म्हणावयाचे? पण रचणारा माणूस कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी गावी बसून रचत असतो. त्या वर्षाची भीती, राग आणि आशा त्याच्या गोष्टीत उतरल्यावाचून राहत नाही. भविष्यकाळाची गोष्ट सांगणारा चित्रपटदेखील भविष्याविषयी थोडे सांगतो आणि स्वतःच्या काळाविषयी पुष्कळ. आज अशाच एका अमेरिकन चित्रपटाची हकीकत तुम्हांला सांगावयाची आहे. तो जून १९७२ मध्ये पडद्यावर आला. त्याचे नाव ‘कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’. आपल्या भाषेत ‘वानरांच्या ग्रहावरील विजय’ म्हणा. हा एका मालिकेतील चौथा भाग. त्याने मालिकेचा ठरलेला साचा मोडला आणि नंतर त्याचा स्वतःचा शेवटही कात्रीखाली गेला. या दोन घटनांतच त्याचा इतिहास आहे.

प्रथम मूळ पाहू. पिएर बुल नावाचे एक फ्रेंच लेखक होते. तरुणपणी ते मलायातील रबराच्या मळ्यांवर नोकरीस होते. दुसऱ्या महायुद्धात इंडोचायनात ते पकडले गेले आणि त्यांनी कैद भोगली. क्वाय नदीवरील पुलाची त्यांची कादंबरी प्रसिद्धच आहे. १९६३ साली त्यांनी एक वेगळीच कादंबरी लिहिली. तीत माणूस अशा ग्रहावर जातो की जेथे वानर राज्य करतात आणि माणसे पिंजऱ्यात असतात. मालक आणि चाकर यांच्या जागा उलटल्या तर काय होईल, हा तिचा गाभा. कैद भोगलेल्या माणसाला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही.

या कादंबरीवरून १९६८ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने पहिला चित्रपट काढला. फ्रँकलिन शॅफ्नर हे दिग्दर्शक आणि चार्ल्टन हेस्टन हे नायक. अंतराळयान कोसळते, नायक वानरांच्या हाती सापडतो, एक चिंपांझी जोडपे त्याची कड घेते, तो सुटतो आणि शेवटी समुद्रकाठी वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून त्याला कळते की हा परका ग्रह नव्हेच, ही आपलीच पृथ्वी. माणसाने आपल्या हाताने तिचा नाश केला आहे. चित्रपट फार गाजला. वानरांचे मुखवटे इतके हुबेहूब होते की ते करणाऱ्या जॉन चेंबर्स यांना खास ऑस्कर पारितोषिक देण्यात आले.

एखादी गोष्ट चालली की धंद्याला तिचा साचा हवा असतो. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग, असा क्रम ठरलेला. प्रेक्षकही त्याच क्रमाची वाट पाहतो. या मालिकेचाही असा क्रम बसला. एक परका यावा, त्याला भलत्याच जगात कैद व्हावी, एखाद्या दयाळू डॉक्टराने त्याची बाजू घ्यावी, पाठलाग व्हावा आणि शेवटी धक्का बसावा. १९७० च्या दुसऱ्या भागात दुसरा अंतराळवीर येतो आणि तेच घडते. फक्त शेवटी प्रचंड बाँबने पृथ्वीच नष्ट होते. पृथ्वी संपल्यावर पुढचा भाग कोठून काढावयाचा? पॉल डेन या इंग्रज लेखकाने युक्ती काढली. १९७१ च्या तिसऱ्या भागात चिंपांझी जोडपेच, कॉर्नेलियस आणि झिरा, यानात बसून भूतकाळात म्हणजे १९७३ च्या अमेरिकेत येते. आता परके कोण, तर वानर. साचा उलटा धरला, पण साचा तोच. त्यांना माणसे ठार करतात. त्यांचे बाळ मात्र आर्मांडो नावाच्या सर्कसवाल्याच्या आश्रयाने वाचते.

या तिसऱ्या भागातील एक तपशील ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. वानरांचे राज्य कसे आले, हे कॉर्नेलियस सांगतो. एका साथीत कुत्री-मांजरे मेली. माणसांनी करमणुकीसाठी वानर पाळले. पाळीव वानरांचे पुढे नोकर झाले आणि नोकरांचे गुलाम. शतके लोटली आणि एके दिवशी आल्डो नावाच्या वानराने माणसाला तोंडावर एक शब्द ऐकवला. तो शब्द होता, ‘नाही’. वानरांच्या इतिहासात तो दिवस सणासारखा पाळला जातो, असे कॉर्नेलियस म्हणतो. शाळेत मुलांना सनावळ्या पाठ करून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चटकन उमगेल. प्रत्येक दास्यमुक्तीच्या इतिहासात असा पहिल्या नकाराचा दिवस असतो.

आता चौथ्या भागाकडे वळू. लेखक पॉल डेनच. दिग्दर्शक मात्र नवे, जे. ली थॉम्प्सन. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा युद्धपट काढून त्यांनी नाव मिळविले होते. पैसा थोडा. पहिल्या चित्रपटाला सुमारे ५८ लाख डॉलर लागले होते. चौथा सुमारे १७ लाखांत उरकावयाचा होता. या चित्रपटात अंतराळयान नाही, कोणी अंतराळवीर येत नाही, वाळवंट नाही, परका ग्रह नाही. काळ १९९१ चा, स्थळ अमेरिकेतील एक शहर. अवकाशातून आलेल्या रोगाने कुत्री-मांजरे मेली आहेत आणि वानर घरोघर राबत आहेत. कॉर्नेलियसने जे शतकांत घडले म्हणून सांगितले, ते येथे वीस वर्षांत घडते. वानर झाडलोट करतात, पाणी देतात, निरोप पोहोचवतात. त्यांच्यामुळे ज्यांचे काम गेले ती माणसे रस्त्यावर निदर्शने करताना दिसतात. वानरांना शिकविण्याचे एक केंद्र आहे. तेथे आगीचे भय आणि विजेचे धक्के देऊन त्यांना आज्ञाधारक केले जाते. मालक ‘नाही’ म्हणून ओरडला की वानर अंग चोरतो. म्हणजे हा शब्द येथे मालकाच्या तोंडी आहे.

त्या अनाथ बाळाचे आता तरुण चिंपांझी झाले आहे. बोलू शकणारा तो एकटाच. रस्त्यात एका वानराला मारहाण होताना पाहून त्याच्या तोंडून संतापाचे शब्द निसटतात. आर्मांडो तो दोष अंगावर घेतो, पुढे पोलिसांच्या चौकशीत खिडकीतून पडून मरतो. हा मुका असल्याचे सोंग करून बोर्निओहून आलेल्या ओरांगउटानांच्या पिंजऱ्यात शिरतो, केंद्रातील शिक्षण भोगतो, लिलावात उभा राहतो आणि गव्हर्नर ब्रेकसाठी विकत घेतला जातो. नाव निवडण्यास सांगितले असता पुस्तकातील ज्या नावावर तो बोट ठेवतो ते नाव सीझर. गव्हर्नरास वाटते, जनावराचे बोट सहज पडले. आपल्याला माहीत असते की तो वाचू शकतो.

साचा मोडला तो येथे. पहिल्या तीन भागांत भले-बुरे सारे आपण बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या नजरेने पाहत होतो. चौथ्या भागात पाहुणाच नाही. जो दबलेला आहे त्याच्याच डोळ्यांनी आपल्याला जग दिसते. वेठबिगाराची हकीकत सरकारी कागदावरून लिहिणे वेगळे आणि वेठबिगाराच्या तोंडून ऐकणे वेगळे. घटना तीच, पण बाजू बदलली की अर्थ बदलतो. आणि अशा गोष्टीचा शेवट अंतराळवीराच्या सुटकेने होऊ शकत नाही. तो बंडानेच व्हावयाचा.

बंडाचे प्रसंग फार प्रभावी झाले आहेत आणि त्याला कारण आहे. थॉम्प्सन यांनी ते लॉस एंजेलिसमधील वॉट्स वस्तीच्या दंगलीची जी दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली होती, त्यांच्या धर्तीवर बसविले. ही दंगल ११ ऑगस्ट १९६५ रोजी सुरू झाली. निमित्त एका काळ्या मोटारचालकाच्या अटकेचे. सहा दिवस ती चालली. ३४ माणसे मेली, हजारावर जखमी झाली, सुमारे १४,००० सैनिक आणावे लागले. आणि लक्षात घ्या, काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्काचे रक्षण करणारा कायदा त्याच महिन्याच्या ६ तारखेस, म्हणजे अवघ्या पाच दिवस आधी, सहीनिशी झाला होता. कायदा कागदावर आला तरी वस्तीतील बेकारी, पडकी घरे आणि पोलिसांचा दंडुका जागच्या जागीच होता. कायदा होऊनही लोक का भडकले, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी केला. त्याचे उत्तर त्या पाच दिवसांत नव्हे, मागच्या साडेतीनशे वर्षांत शोधावे लागते. १६१९ मध्ये व्हर्जिनियात आफ्रिकन माणसे आणली गेली, तेव्हापासून १८६५ च्या घटनादुरुस्तीपर्यंत गुलामगिरी होती आणि त्यानंतर शंभर वर्षे भेदभावाचे कायदे होते.

चित्रण झाले सेंच्युरी सिटी या नव्याकोऱ्या भागात. ती जमीन एके काळी फॉक्स कंपनीच्याच आवाराचा हिस्सा होती. अडचणीच्या काळात कंपनीने ती विकली आणि तेथे काँक्रीटच्या उंच इमारती उठल्या. पैसा कमी म्हणून शेजारचीच जागा घेतली, पण ती गोष्टीला नेमकी लागू पडली. झाड-झुडूप नसलेले चौक, राखाडी भिंती, काळ्या गणवेशातील पोलीस, आणि त्यांत लाल-हिरवे कपडे घातलेले वानर. मोठा खर्च करूनही असे भकास शहर उभे करता आले नसते.

आता एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. गुलाम माणसांची कथा वानरांच्या रूपाने सांगणे यात मोठा धोका आहे. काळ्या माणसांना माकड म्हणून हिणविण्याची दुष्ट रीत वर्णद्वेष्ट्यांनी पिढ्यान् पिढ्या चालविली आहे. अशा स्थितीत रूपकाचा उपयोग करताना लेखकाने भान ठेवावयास हवे. डेन यांनी ते काही अंशी ठेवले. गव्हर्नरच्या कचेरीत मॅकडॉनल्ड नावाचा अधिकारी आहे. तो स्वतः गुलामांच्या वंशातला. हॅरी रोड्स या काळ्या अभिनेत्याने ही भूमिका फार संयमाने केली आहे. सीझर त्याच्यापाशीच प्रथम बोलतो. गव्हर्नर सीझरला विजेने मारावयास निघतो तेव्हा मॅकडॉनल्ड गुपचूप वीज तोडून त्याचा जीव वाचवितो. कोणीही माणूस समोर असता, गुलामाचे दुःख सर्वांत आधी याला कळते, कारण ते त्याच्या घरातले आहे. तरीही रूपकाची ही अडचण पुरती सुटत नाही, आणि वर्गात हा चित्रपट समजावून सांगणाऱ्याने ती झाकू नये.

येथे आपल्या महाराष्ट्राचा धागा जुळतो. अमेरिकेतील गुलामगिरी संपल्याची वार्ता ज्याने मनापासून घेतली असा माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी औदार्य दाखविले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ सालीच, मुंबईत काही तरुणांनी ‘दलित पँथर’ ही संघटना स्थापन केली आणि तिचे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. आपल्या चित्रपटाचा या तरुणांशी काही संबंध नाही. पण एकाच वर्षी दोन खंडांत एकच हवा वाहत होती, एवढे त्यावरून समजते.

आता शेवटाकडे येऊ. डेन आणि थॉम्प्सन यांनी मूळ जो शेवट केला तो असा. रात्र आहे, शहर जळते आहे. ब्रेक साखळदंडांत वानरांपुढे उभा आहे. मॅकडॉनल्ड सीझरला दयेची विनंती करतो. सीझर एक जळजळीत भाषण करतो. जगभरचे वानर उठतील, माणसांचे राज्य जाईल, असे बजावतो. आणि गोरिले बंदुकीच्या दस्त्यांनी गव्हर्नरास ठार करतात. चित्रपट संपतो.

हा चित्रपट प्रदर्शनापूर्वी ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी काही प्रेक्षकांना दाखविण्यात आला. पहिल्या तीन भागांमुळे लोक मुलाबाळांसह आले होते. त्यांना हा प्रकार सोसला नाही. कंपनी घाबरली. मुले येणार नाहीत असा दाखला चित्रपटास मिळाला तर धंदा बुडणार, हे उघड होते. पुन्हा चित्रण करावयास पैसा नव्हता. मग जे हाताशी होते त्यातूनच नवा शेवट जुळविला. रक्तपाताची दृश्ये कापली. आरंभी पळणाऱ्या वानरास गोळी घालतात, तो प्रसंगही काढला. सीझरची भूमिका करणारे रॉडी मॅकडॉवल यांना बोलावून नवे वाक्य-समूह ध्वनिमुद्रित केले. ओठांची हालचाल नव्या शब्दांशी जुळणार नाही म्हणून पडद्यावर सीझरचे डोळेच जवळून दाखविले. नव्या भाषणात सीझर म्हणतो की द्वेष आता बाजूस ठेवू आणि जिंकलेल्यांशी दयेने वागू. गोरिले बंदुका खाली घेतात. गव्हर्नर वाचतो.

आणि हे घडते कशामुळे? लिसा नावाची एक चिंपांझी मादी आहे. आजवर मुकी असलेली लिसा ऐन क्षणी एक शब्द उच्चारते. कोणता? ‘नाही’.

श्रोतेहो, तिसऱ्या भागातील आल्डोचा ‘नाही’ आठवा. तो मालकाला उद्देशून होता. चौथ्या भागाच्या आरंभी हाच शब्द मालक गुलामाला दरडावण्यासाठी वापरतो. आता शेवटी पहिल्यांदा एका गुलामाच्या तोंडून तो उमटतो, पण मालकासाठी नव्हे. आपल्याच बंडखोर बांधवांना थोपविण्यासाठी. वानरांनी सणासारखा पाळावा असा जो शब्द, तो धंद्याच्या गरजेपायी मालकाचे प्राण वाचविण्याच्या कामी लावला गेला. मला या चित्रपटातील सर्वांत मोठा ऐतिहासिक पुरावा कोणता म्हणून विचाराल, तर मी हा एक शब्द दाखवीन.

याला दुसरी बाजू आहे आणि तीही मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, दया श्रेष्ठ नव्हे काय? सूडाने सूडच वाढतो, हे आपले संत सांगत आले. हे अगदी खरे. जिंकल्यावर शत्रूस जीवदान देणारा सीझर मारणाऱ्या सीझरपेक्षा मोठा ठरेल, यातही शंका नाही. माझा आक्षेप दयेवर नाही. दया गोष्टीच्या पोटातून यावयास हवी होती. सीझर मॅकडॉनल्डशी वाद घालतो, आर्मांडोचे उपकार आठवतो, मनाशी झगडतो आणि मग हात आवरतो, असे घडते तर ती त्याची स्वतःची दया झाली असती. येथे ती बाहेरून चिकटवली आहे. दबलेल्याने उठाव केला की त्याने सभ्यतेने वागावे अशी अपेक्षा ताबडतोब केली जाते. जो विजेचे धक्के देत होता त्याच्याकडून मात्र ती कोणी कधी केलेली नसते. फिनिक्सच्या प्रेक्षकांना लिलाव पाहून उठून जावेसे वाटले नाही. शेवटच्या रात्रीने मात्र ते हबकले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वॉट्सला तेव्हा सातच वर्षे झाली होती, आणि ती आग त्यांनी आपापल्या घरी बसून पाहिलेली होती.

पुढची हकीकत थोडक्यात. १९७३ च्या पाचव्या भागात वानर आणि माणसे एकत्र राहण्याची खटपट करताना दिसतात; बदललेला शेवट धरूनच ती कथा पुढे गेली. मूळ शेवट असलेली प्रत अनेक वर्षे पडून राहिली आणि २००८ मध्ये घरी पाहण्याच्या तबकडीवर लोकांपुढे आली. नंतर २०११ मध्ये फॉक्स कंपनीनेच नव्या मालिकेचा पहिला भाग काढला. त्यातही सीझर आहे, पिंजरा आहे, बंड आहे. चौथ्या भागाचेच हे नवे रूप म्हणावयास हरकत नाही. त्यात पिंजऱ्याचा रखवालदार सीझरला मारावयास हात उगारतो. सीझर त्याचा हात धरतो आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारतो, ‘नाही’. एकोणचाळीस वर्षांनी शब्द आपल्या जागी परत आला.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना एका घटनेच्या दोन बखरी दिल्या आणि त्यांतील फरक शोधावयास सांगितले, तर ती आपोआप विचारू लागतात: हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, काय गाळले आणि का गाळले? या चित्रपटाचे दोन शेवट म्हणजे अशाच दोन बखरी आहेत. चित्रपट दाखविण्याची सोय नसली तरी दोन्ही शेवट तोंडी सांगता येतात. वर्गाला विचारावे, तुम्ही सीझरच्या जागी असता तर काय केले असते? मग दुसरा प्रश्न करावा, तुम्ही चित्रपटाचे मालक असता तर? पहिल्या प्रश्नाला एक उत्तर देणारा मुलगा दुसऱ्याला वेगळे उत्तर देईल. तो गोंधळला की समजावे, इतिहासाचा तास नीट चालला आहे.

आणि घरी बसून हे वाचणाऱ्यांनीही आपल्या गावचा इतिहास एकदा याच नजरेने पाहावा. वाड्याच्या, देवळाच्या, पाटीलकीच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या. त्याच कथा पाणी भरणाऱ्याच्या आणि ओझे वाहणाऱ्याच्या बाजूने कोणी सांगितल्या आहेत काय? नसतील तर ज्या म्हाताऱ्या माणसांना त्या ठाऊक आहेत त्यांच्यापाशी जाऊन बसावे, आणि त्यांनी सांगितलेला शेवट आपल्याला रुचला नाही तरी तो आहे तसाच लिहून ठेवावा.